गुंठाभर जव

यंत्राच्या काचेतून शेत वरून दिसतं,
पिवळं, सपाट, थेट पालेन्सियापर्यंत.
शेत एलाद्योचं, हार्वेस्टर माझं,
हेक्टरमागे ठरलेले पैसे, डिझेल माझ्या खिशातलं.
थांबलो की नुकसान. इतका साधा हिशेब.

हल्ली जून सरायच्या आत जव पिकतो.
आजोबांचं बियाणं जुलैत यायचं, कंबरेइतकं उंच;
विळा लागेपर्यंत पिल्लं उडून गेलेली असायची.
नवं बियाणं बुटकं, भरगच्च, घाईचं.
पक्ष्याला कुणी कळवलं नाही.

नेरेआ सकाळी सातलाच बांधावर उभी,
हातात चार काठ्या, खांद्यावर जाळीची गुंडाळी,
नाकाची कातडी उन्हानं सोललेली.
"भोवत्याचं घरटं आहे इथे. तीन पिल्लं.
सोळा दिवस द्या."
मी म्हटलं, शेत माझं नाही. दिवसही माझे नाहीत.
एलाद्योला फोन लावला,
तो ओरडला ते तिलाही ऐकू गेलं:
जवाच्या शेतात पाखरानं घर करावंच कशाला?

कुठे करावं मग?
माळ होता तेव्हा माळावर करायचा तो.
माळ पणज्यांनी नांगरला,
उरलेले बांध आम्ही.
वाऱ्यावर जव गवतासारखाच हलतो,
त्याचा काय दोष.

एक गोष्ट मी नेरेआला सांगितली नाही.
अकरा वर्षांपूर्वी, नदीकडच्या शेतात, रात्री,
दिव्यांच्या उजेडात
पात्यांतून काहीतरी गेलं.
दगड खणखणतो. हे खणखणलं नाही.
मी थांबलो नाही.
सकाळी टाकीतल्या दाण्यांवर एक राखाडी पीस,
इतकं हलकं
की मी श्वास सोडला आणि ते गेलं.
तेव्हापासून करकोचे यंत्रामागून चालत येतात ना,
उंदीर टिपत, आणि आणखी काय काय टिपत,
तेव्हा मी मागचा आरसा बघत नाही.

केलेलं भोवतं म्हणतात.
तो डोक्यावर भोवत होता,
राखाडी, सडपातळ, पंख क्वचित हलवत,
पंजात सरडा.
मग जवातून मादी उठली, तपकिरी,
हवेत उलटी झाली
आणि त्यानं सोडलेला सरडा तिनं पायांनी झेलला.
नेरेआ काही बोलली नाही.
इंजिन चालूच होतं. अर्धा लिटर तरी जळलं असेल.

मी पातं वर उचललं.
चारी बाजूंनी कापत गेलो,
मध्ये उभा राहिला तेवढाच जव,
भादरलेल्या डोक्यावर शेंडी राहावी तसा.
संध्याकाळी बारमध्ये सगळे हसले.
फाकुंदो म्हणाला, पुढच्या वर्षी सशांसाठी पण सोड,
आणि त्यांच्या बायकांसाठी.
मीही हसलो. कुसळ अजून मानेत टोचत होतं.

सोळाचे एकोणीस दिवस झाले.
जाळीबाहेर कोल्ह्याची पावलं, दोन रात्री.
दोन पिल्लं उडाली.
तिसरं उन्हानं गेलं. नेरेआनं ते कागदी पिशवीत ठेवलं,
वर तारीख लिहिली, वजन लिहिलं,
आणि पेनाचं टोपण लावायला तिला बराच वेळ लागला.

एलाद्योनं तेवढ्या तुकड्याचे पैसे कापले माझे.
तेवढंच कापायचं राहिलं होतं.

तो जव मग कुणीच कापला नाही.
ओंब्या वाळल्या, वाकल्या, दाणे तिथेच गळले.
ऑक्टोबरात दोन पाऊस झाले
आणि धसकटांच्या करड्या रानात
एक हिरवा चौकोन उगवला.
पक्षी तोवर वाळवंटापलीकडे,
सेनेगलात कुठेतरी टोळ खात असतील.

मी रस्त्यावर गाडी लावली, उतरलो,
पुढच्या आठवड्यात एलाद्यो नांगर घालणार होता.
पावलांनी मोजला.
नेरेआनं दहा सांगितली होती.
तेरा भरली.
परत मोजली, तेराच.